सोनाखानचा लिलाव : शंभर रुपयांत चाळीस पैसे



फेब्रुवारी २०१६ मध्ये छत्तीसगड सरकारने सोन्याच्या खाणीचा लिलाव केला. आपल्या देशात सोन्याच्या साठ्याचा असा हा पहिलाच लिलाव. ठिकाण बलौदाबाजार जिल्ह्यातलं बाघमारा, सोनाखानच्या मुलखातलं. क्षेत्र ६०८ हेक्टर. खाली सोनं किती? सरकारी अंदाज २,७०० किलो. बोली जिंकली वेदांत कंपनीने, सोन्याच्या किमतीच्या १२.५५ टक्के सरकारला द्यायचं कबूल करून. पेपरवाल्यांनी मोठ्या मथळ्यात छापलं, टीव्हीवाल्यांनी पिवळी पट्टी फिरवली, मंत्र्यांनी एकमेकांची पाठ थोपटली.

सोनाखान हे नाव आमच्या वाचकांना नवं नाही. बिंझवार आदिवासी जमीनदार वीर नारायणसिंह इथलाच. १८५६ च्या दुष्काळात लोक उपाशी मरत होते आणि कसडोलच्या सावकाराच्या कोठारात धान्य भरून होतं. नारायणसिंहाने ते कोठार उघडलं, धान्य लोकांत वाटलं. इंग्रजांनी त्याला चोर ठरवून रायपूरच्या तुरुंगात टाकलं. १८५७ साली तो तिथून निसटला, सोनाखानला जाऊन माणसं गोळा केली आणि लढला. १० डिसेंबर १८५७ ला रायपूरला त्याला फाशी दिली. आज त्याच्या नावाचं क्रिकेटचं भलंमोठं मैदान नव्या रायपुरात आहे, १९८७ साली टपालाचं तिकीटही निघालं. नाव मैदानाला दिलं, आणि त्याचा मुलूख लिलावात काढला. याला आम्ही श्रद्धांजली म्हणत नाही.

आम्हाला विचारतील, बाबांनो, तुम्ही महाराष्ट्रातले, छत्तीसगडच्या खाणीशी तुमचं काय देणंघेणं? देणंघेणं आहे. सोनाखानचा खडक ज्या जुन्या भूखंडाचा तुकडा आहे, त्याच भूखंडावर आमचं गडचिरोली, भंडारा, गोंदिया बसलेलं आहे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या साकोली पट्ट्यात भूगर्भ खात्याने परसोडी, कितारी, मरूपार या गावांजवळ सोनं शोधलेलं आहे. आज तिथे जे झालं ते उद्या इथे होणार. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घेऊ. साहेब लोक 'जिऑलॉजी' म्हटलं की आपण गप्प बसतो. तसं गप्प बसायचं कारण नाही. ही विद्या अवघड नाही, ती फक्त आपल्याला कुणी आपल्या भाषेत सांगत नाही.

सोनं खडकात येतं कसं?

सोनाखानचे काळे-हिरवे खडक साधारण अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचे. तेव्हा पाण्याखाली लाव्हा वाहिला, त्याचे थर बसले, वर राखेचे आणि गाळाचे थर आले. मग पृथ्वीच्या पोटातल्या दाबाने हे सगळं दुमडलं, भाजलं, बाजूने ग्रॅनाइट घुसला. दाबाने खडकात लांबच लांब भेगा पडल्या. त्या भेगांतून खोल पोटातलं तापलेलं पाणी वर चढलं. त्या पाण्यात गंधक होतं, आणि गंधकाच्या संगतीने थोडंसं सोनं विरघळलेलं होतं. वर येताना पाणी थंडावलं, आजूबाजूच्या लोखंडी खडकाशी त्याची गाठ पडली, आणि गारगोटीच्या शिरांत सोनं मागे राहिलं. सोबत राहिले पिवळे चकाकणारे लोह-गंधकाचे खडे, तांब्याचा अंश, आणि बऱ्याच ठिकाणी सोमलाचे खनिजही. सोमल म्हणजे विष. हे शेवटचं नाव नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पुढे कोट्यवधी वर्षं ऊन-पावसाने डोंगर झिजले. शिरांतलं सोनं सुटलं, नाल्यांत आलं, नाल्यांतून जोंक नदीत, जोंकमधून महानदीत. सोनं जड, म्हणून ते वाळूच्या तळाशी बसतं. पाणी उतरलं की सोनझरा लोक लाकडी पाटीत वाळू घेऊन हलवतात, हलकी वाळू पाण्याबरोबर जाते, तळाशी काळी रेती आणि तिच्यात एखाददुसरा पिवळा कण. दिवसभर कंबर मोडून मजुरीपुरतंही सुटेल याचा भरवसा नाही.

आता सांगा, सोनाखानचं सोनं शोधलं कुणी? कुठल्याही सरकारी अहवालाच्या आधी गावाचं नाव सोनाखान होतं. नदीला वर वर चढत गेलं की सोन्याचा उगम सापडतो, ही युक्ती सगळ्या जगातले भूगर्भवाले वापरतात. नाल्यानाल्यातली रेती धुऊन कुठे कण जास्त, कुठे कमी ते पाहतात. सोनझऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पण नकाशावर त्यांचं नाव नाही, आणि लिलावाच्या कागदावर तर नाहीच नाही.

शोध म्हणजे काय, आणि त्याचा खर्च कुणाचा?

भारताचं भूगर्भ सर्वेक्षण खातं १८५१ चं. कंपनी सरकारने ते काढलं ते कोळसा शोधायला. स्वातंत्र्यानंतर तेच खातं आणि राज्यांची खनिकर्म खाती सोनं, तांबं, हिरे शोधत राहिली. सोनाखान भागात आधी मध्यप्रदेशच्या आणि १ नोव्हेंबर २००० ला राज्य वेगळं झाल्यावर छत्तीसगडच्या खात्याने काम केलं, केंद्राच्या खात्यानेही केलं. कामाची रीत ठरलेली. आधी पायी हिंडून खडकांचा नकाशा. मग नाल्याची रेती आणि माती तपासणं. मग जिथे आशा वाटते तिथे चर खोदून गारगोटीच्या शिरेचे तुकडे काढणं. मग यंत्राने खोल भोकं पाडून खडकाच्या लांब कांड्या बाहेर काढणं, त्या चिरून प्रयोगशाळेत पाठवणं. टनामागे किती ग्रॅम सोनं, शीर किती लांब, किती रुंद, किती खोल, याचा गुणाकार म्हणजे साठ्याचा अंदाज.

यात दोन गोष्टी साथींनी नीट लक्षात घ्याव्यात.

पहिली : हे सगळं काम जनतेच्या पैशाने झालं. तीस-चाळीस वर्षं पगार, यंत्र, प्रयोगशाळा, सगळं सरकारी. कच्चं काम सरकारने केलं, पिकल्यावर टोपली कंपनीच्या हाती.

दुसरी : २,७०० किलो हा आकडा अजून कच्चा आहे. बाघमाऱ्याचा लिलाव थेट खाणपट्ट्याचा नाही. तो आहे 'शोध परवाना आणि नंतर खाणपट्टा' असा जोडपरवाना. नियमाप्रमाणे अशा परवान्याला प्राथमिक शोध पुरतो. म्हणजे कंपनीने अजून भोकं पाडायची, अजून मोजायचं, आणि परवडतं असं दिसलं तरच पट्टा मागायचा. दोन भोकांच्या मधल्या खडकात काय आहे हे भोक पाडेपर्यंत देवालाच ठाऊक. सोन्याच्या शिरा तर फार लहरी. इथे हातभर जाड, दहा पावलांवर गायब. पेपरात मात्र '२,७०० किलो सोनं सापडलं' असं छापून आलं. सापडलं नाही, अंदाज केला.

ही दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. परवाना आणि पट्टा यांच्यामध्ये जो वेळ असतो, तोच गावाचा वेळ. पट्टा झाल्यावर बोलणाऱ्याला 'विकासविरोधी' म्हणतात आणि पोलीस पाठवतात. आत्ता बोलणाऱ्याला निदान कागद मागता येतो.

हिशोब करू

आम्ही शाळेतल्या गुरुजींसारखा हिशोब मांडतो. २,७०० किलो म्हणजे सुमारे ८६,८०० औंस. लिलावाच्या वेळी औंसाचा दर ७५ हजार रुपयांच्या आसपास धरलेला होता. सगळंच्या सगळं सोनं निघालं असं मानलं, जे कधीच होत नाही, तर किंमत झाली सुमारे ६५० कोटी.

त्यातले १२.५५ टक्के बोलीचे, म्हणजे ८१-८२ कोटी, राज्याला. सोन्यावरची रॉयल्टी ४ टक्के, म्हणजे २६ कोटी, तीही राज्याला. आता ज्यांची जमीन, ज्यांचं पाणी, त्यांना काय? २०१५ मध्ये खाण कायदा बदलला तेव्हा मोठा गाजावाजा करून 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' आणलं. खाणग्रस्तांसाठी निधी म्हणे. जुन्या खाणींनी रॉयल्टीच्या ३० टक्के द्यायचे. आणि लिलावात घेतलेल्या नव्या खाणींनी? १० टक्के. रॉयल्टीच्या १० टक्के, किमतीच्या नव्हे! ४ रुपयांचा दहावा भाग म्हणजे ४० पैसे.

शंभर रुपयांचं सोनं निघालं तर चाळीस पैसे. तेही गावाच्या हाती नाही, जिल्ह्याच्या निधीत. तिथे साहेब बसणार, ठरवणार, रस्ता बांधणार, त्या रस्त्यावरून कंपनीचा ट्रक जाणार. सगळा निधी मिळून २ कोटी ६० लाख. खाण दहा वर्षं चालली तर वर्षाला २६ लाख. एवढ्या पैशात गावची बोडीसुद्धा नीट दुरुस्त होईल की नाही सांगता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशोब. टनामागे दोन ग्रॅम सोनं धरलं तर २,७०० किलोसाठी साडेतेरा लाख टन खडक फोडून पीठ करावा लागेल. दहा टनी टिप्परच्या एक लाख पस्तीस हजार खेपा. वरची माती आणि बिनकामाचा खडक वेगळाच. त्या पिठातून सोनं काढायला आज जगभर बहुतेक ठिकाणी सायनाइडचं पाणी वापरतात. सोनं जातं कंपनीकडे. पीठ कुठे जातं? ते गावापाशीच राहतं, बांध घालून साठवलेलं, कायमचं. त्यात तो सोमल असतो, ते गंधकाचे खडे असतात. खडकात बंद होते तोवर अडीचशे कोटी वर्षं कुणाला त्रास नव्हता. पीठ करून ऊन-पावसात टाकलं की गंधकाचं आम्ल होतं आणि आम्लात विष सुटतं. नाला भरला की ते बांधीत, विहिरीत, जोंकेत. खाली महानदी.

हे आम्ही भीती घालायला सांगत नाही. कर्नाटकातलं कोलार बघा. १८८० पासून तिथे सोनं काढलं, एकशेवीस वर्षांत आठशे टन. तीन किलोमीटरहून खोल गेले. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद केली. सोनं गेलं लंडनला आणि दिल्लीला. कामगार, त्यातले बहुतेक दलित, तिथेच राहिले, आणि त्यांच्या वस्त्यांशेजारी राहिले तीन कोटी टनांवर पिठाचे डोंगर. वारा सुटला की ते पीठ घरात येतं. आठशे टनांच्या खाणीने मागे हे ठेवलं. पावणेतीन टनांची खाण काय ठेवणार?

'देशाला सोनं पाहिजे'

हे वाक्य आता प्रत्येक सभेत ऐकू येईल, म्हणून त्याचं उत्तर पाठ करून ठेवा. आपला देश वर्षाला आठशे-नऊशे टन सोनं बाहेरून आणतो. म्हणजे दिवसाला अडीच टनांच्या आसपास. बाघमाऱ्याचं सगळंच्या सगळं सोनं देशाला पुरेल एक दिवस. सकाळी सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आत संपलं. एका दिवसाच्या सोन्यासाठी कायमचा पिठाचा डोंगर!

आणि जातं कुठे हे सोनं? कारखान्यात जातं ते चिमूटभर. बाकीचं लॉकरात, तिजोरीत, देवस्थानांत. लोकांच्या घरांत वीस हजार टनांवर सोनं आहे असा अंदाज सांगतात. खुद्द केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये योजना काढली, की पडून असलेलं सोनं बँकेत आणा, व्याज घ्या. म्हणजे सोनं पडून आहे हे सरकारलाही मान्य. मग आमचं म्हणणं सरळ आहे. आधी शेठच्या तिजोरीत खणा. तिथे भोक पाडायला यंत्र लागत नाही, जंगल तोडावं लागत नाही, सायनाइड तर नाहीच नाही. १८५६ साली नारायणसिंहाने हेच केलं होतं. दुष्काळात धान्य कुठे आहे हे त्याला माहीत होतं.

'रोजगार मिळेल' हेही म्हणतील. मिळेल. भोक पाडण्याच्या यंत्रावर पाणी भरायला, चर खोदायला, रात्री पहारा द्यायला काही पोरं लागतील, काही महिने. पुढे डंपर चालवणारा आणि प्रयोगशाळेतला माणूस बाहेरून येणार. मोहफूल, तेंदू, चारोळी, बांबू यांवर घरटी किती मिळकत होते याचा हिशोब कुठल्याही खाण अहवालात नसतो. तो आपणच मांडायला पाहिजे. जे जंगल पणजोबापासून दरवर्षी देतं, त्याची किंमत एका वर्षाच्या मजुरीशी लावायची हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो

इथे एक गोम आहे. सोनाखान, जिथला आदिवासी राजा इंग्रजांशी लढला, ते संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत नाही. कसडोल तालुका अनुसूचित क्षेत्राच्या बाहेर. म्हणून १९९६ चा पेसा कायदा तिथे लागू नाही, आणि आदिवासींची जमीन खाणीसाठी खाजगी कंपनीला देता येत नाही असं सांगणारा १९९७ चा समता निकालही तिथे थेट उपयोगी पडत नाही. आमच्याकडेही तसंच. भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांतलं एकही गाव अनुसूचित क्षेत्रात नाही. गोंड, हलबा माणूस आहे, जंगल आहे, पण यादीत नाव नाही. सोनं मात्र यादी बघून जमिनीत बसत नाही.

पण एक कायदा सगळीकडे लागू आहे : २००६ चा वनहक्क कायदा. दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला वनजमिनीवरून हटवता येत नाही, हे त्याच्या कलम ४(५) मध्ये स्पष्ट लिहिलंय. कलम ५ ने जंगल, पाणी आणि आपली संस्कृती राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. आणि त्याच कायद्याच्या बळावर १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ओडिशाच्या नियमगिरीचा निर्णय गावांवर सोपवला. बॉक्साइट पाहिजे होतं ते याच वेदांतच्या लांजीगडच्या कारखान्याला. बारा ग्रामसभा बसल्या. बाराच्या बारांनी नाही म्हटलं. डोंगर आजही उभा आहे. बोली जिंकणारी कंपनी हरू शकते, हे आम्ही सांगत नाही, नियमगिरीचे डोंगरिया कोंध सांगतात.

'जमीन तुमची, पण खालचं सरकारचं,' असं पटवारी सुद्धा ऐकवतो. त्याला सांगा, ८ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने मलबारच्या जमिनींच्या खटल्यात म्हटलंय, की जमिनीखालचं खनिज हे आपोआप सरकारचं होतं असा काही कायदा नाही. कायद्याने काढून घेतलं नसेल तर ते जमीनमालकाचं. मलबारचा निकाल उचलून आपल्या सातबाऱ्यावर चिकटवता येणार नाही, आपल्याकडचे महसूल कायदे वेगळे. पण 'सगळं सरकारचंच' हे वाक्य देवाच्या तोंडचं नाही एवढं त्यातून पक्कं होतं.

म्हणून गावांनी काय करावं

एक. अनोळखी माणसं हातोडी, पिशवी, नकाशा घेऊन रानात दिसली, की अडवू नका, मारू तर मुळीच नका. बसवा, पाणी द्या आणि कागद मागा. कोणत्या खात्याचे, कोणत्या परवान्यावर, कोणत्या गट नंबरात, काय शोधता. उत्तर ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या. सर्वेक्षणावर आलेला मुलगा पगारी नोकर असतो, भांडण त्याच्याशी नाही.

दोन. सामूहिक वनहक्काचा दावा, नमुना क, ज्या गावाने अजून भरला नाही त्यांनी या उन्हाळ्यातच भरावा. ज्या जंगलावर गावाचा हक्क नोंदलेला आहे ते मोकळी जागा म्हणून लिलावाच्या नकाशात टाकणं अवघड जातं. मेंढा-लेखाने २००९ मध्ये हक्क मिळवून दाखवला, आपल्याला का जमणार नाही?

तीन. विहिरी, बोडी, नाले यांचं पाणी आत्ताच तपासून घ्या, सोमलासाठी खास. तारीख घालून कागद जपून ठेवा. नंतर पाणी बिघडलं की कंपनी म्हणते, 'आधीपासून असंच होतं.' तेव्हा हाच कागद बोलेल.

चार. भोक पाडून यंत्र गेलं आणि भोक उघडं राहिलं, असं आमच्या भागात झालेलं आहे. गुरं अडकतात, पावसाचं घाण पाणी सरळ खाली जातं. प्रत्येक भोकाची जागा लिहून ठेवा आणि बुजवून मागा.

पाच. शोधाचा अहवाल मराठीत आणि गोंडीत गावात वाचला गेला पाहिजे, लिलावाच्या आधी. माहितीच्या अधिकारात मागा. जनतेच्या पैशाने झालेला अहवाल जनतेपासून लपवायचा काय संबंध?

साथींनो, आम्ही सोन्याच्या विरोधात नाही. आमच्याही बायाबापड्यांच्या नाकात फुली असते. आमचं म्हणणं एवढंच, की ज्याच्या पायाखालचं आहे त्याला आधी विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ते नाही म्हणून लिहा. सोनाखानच्या गावांनी अजून तोंड उघडायचं आहे. ती उघडतील तेव्हा त्यांना एकटं वाटू नये. येत्या मासिक बैठकीत प्रत्येक ग्रामसभेने सोनाखानच्या पाठिंब्याचा ठराव घ्यावा, सही-अंगठ्यासह एक प्रत संघटनेकडे पोचवावी. आम्ही त्या एकत्र बांधून सीमेपलीकडच्या साथींना देऊ.

दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार!
वीर नारायणसिंह अमर रहे!
जय सेवा! जोहार!